बिघडवण्याचा हक्क

‘तुमच्या रोबोटिक्स टीममध्ये मुली आहेत का?’ या प्रश्नाला आता कुठलंच कॉलेज ‘नाही’ म्हणत नाही. ‘आहेत ना, चार आहेत,’ असं उत्तर येतं आणि ते खरंही असतं. जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत प्रकल्प स्पर्धांचा परीक्षक म्हणून गेली काही वर्षं माझं जाणं होतं, त्यामुळे हा प्रश्न मी बऱ्याचदा विचारला आहे. त्या चौघी काय करतात, असं पुढे विचारलं की चित्र जरा स्पष्ट होतं. एक रिपोर्ट लिहिते, कारण तिचं इंग्रजी चांगलं आहे. दुसरी प्रेझेंटेशन तयार करते आणि परीक्षकांसमोर बोलते. तिसरी स्पॉन्सरशिपची पत्रं आणि बिलं सांभाळते. चौथी कोडिंगमध्ये असते, पण तो कोड बोर्डवर चढवून यंत्र चालवून बघण्याचं काम दोन पोरांकडे असतं. ड्रिल, ग्राइंडर, सोल्डरिंग गन आणि मैदानावरचा रिमोट, हे सगळं पोरांच्या हातात. बक्षीस मिळालं तर वर्तमानपत्रातल्या फोटोत मात्र मुली पुढच्या रांगेत, मधोमध रोबो.

यात कुणी कुणाला अडवलेलं नसतं, हे आधी मान्य करायला हवं. ‘मुलींनी ग्राइंडरला हात लावायचा नाही’ असा नियम कुठल्याही वर्कशॉपच्या भिंतीवर नाही. कॅप्टन बहुतेक वेळा सज्जन मुलगा असतो. तो म्हणतो, ‘सर, आम्ही भेदभाव करत नाही. ज्याला जे जमतं ते काम त्याला देतो.’ मुलींना विचारलं तर त्याही ‘आम्हाला हेच आवडतं’ म्हणतात. कुणीच दुष्ट नाही, कुणाची तक्रार नाही, आणि तरी दरवर्षी, दर कॉलेजात वाटणी तीच होते. अशा ठिकाणी नैतिक प्रश्न आहे असं म्हणायचं तर तो नेमका कुठे आहे, हे शोधावं लागतं.

कॅप्टनचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. रोबोकॉनसारखी स्पर्धा घ्या. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२पासून होते आहे. भारतात ती दूरदर्शनमुळे आली, आणि २००८ आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय फेरीच पुण्यात झाली होती. दरवर्षी नवं कोडं दिलं जातं. पोरं त्यासाठी वर्षभर ॲल्युमिनियमचे सेक्शन कापतात, मोटर जळवतात, रात्री जागवतात, आणि मैदानावर एका सामन्याला मिळतात जास्तीत जास्त तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांसाठी रिमोट कुणाच्या हातात द्यायचा? ज्याचा हात सगळ्यात सराईत त्याच्या, असं कुणीही म्हणेल. केवळ मुलगी आहे म्हणून कमी सराव असलेल्या हातात तो दिला, तर उरलेल्या दहाजणांच्या वर्षभराच्या मेहनतीशी तो अन्यायच होईल.

पण त्या मुलाचा हात सराईत झाला कसा? त्यानं आजवर काय काय बिघडवलं याची यादी काढली तर उत्तर मिळतं. आठव्या वर्षी त्यानं रिमोटची गाडी उघडली, ती परत जोडता आली नाही. बाराव्या वर्षी मामाच्या शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये हात घातला, झटका खाल्ला, शिव्या खाल्ल्या. दहावीच्या सुट्टीत ओळखीच्या मोबाइलच्या दुकानात बसून दोन-तीन गिऱ्हाइकांचे डिस्प्ले फोडले. बापाच्या मोटरसायकलचा कार्बोरेटर खोलला आणि शेवटी मेकॅनिककडे गाडी ढकलत न्यावी लागली. घरच्यांनी आरडाओरडा केला असेल, पण त्या ओरडण्यात थोडं कौतुकही होतं. ‘काही ना काही खटपट चालूच असते याची!’ खटपट हा शब्द मुलाला शोभतो. मुलीनं मिक्सर उघडून ठेवला, तर त्याला खटपट न म्हणता नासधूस म्हणतात.

म्हणजे अठराव्या वर्षी दोघं टीममध्ये येतात तेव्हा एकाच्या खात्यावर दहा वर्षांच्या चुका जमा असतात आणि दुसरीचं खातं उघडलेलंच नसतं. आपण त्या जमा चुकांना ‘उपजत आवड’ म्हणतो, ‘टेक्निकल माइंड’ म्हणतो. मग ‘ज्याला जमतं त्याला काम द्या’ हा नियम लावतो आणि तो निष्पक्ष आहे म्हणून समाधानी होतो. नियम निष्पक्ष आहेच. पण ज्यांना आजवर चुकू दिलं त्यांनाच तो पुढेही चुकू देतो.

मुलीचं खातं अगदी कोरं असतं असंही नाही. तिच्या घरात शिलाई मशीन असतं. शिलाई मशीनमध्ये सुई खाली जाऊन परत वर यायला लागली की दोऱ्याचा बारीक फासा तयार होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक त्या फाशातून जावं लागतं. हे टायमिंग जराही हललं की टाका सुटतो. वरच्या दोऱ्याचं टेन्शन आणि बॉबिनचा दोरा यांचा मेळ बसला नाही तर कापडाच्या खालून गुंते पडतात. एरंडोल-पारोळ्याकडच्या कितीतरी घरांत आई हे सगळं कानानं ओळखते. ‘आवाज बदलला, शटल बघ,’ म्हणते. दोन हालचालींचा मेळ घालणं हे रोबोटिक्समधलं अर्धं काम आहे. पण ‘मेकॅनिकलचा काही अनुभव?’ असं टीमच्या निवडीत विचारतात, तेव्हा ती मुलगी ‘नाही’ म्हणते. शिलाई मशीनला यंत्र म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि विचारणाऱ्यालाही ते सुचत नाही.

मला वाटतं, मुलींना टीममध्ये ‘सामावून घेण्या’चा खरा अर्थ त्यांना महागाची वस्तू बिघडवण्याचा हक्क देणं असा आहे. खुर्ची मिळते, टी-शर्ट मिळतो, ग्रुपवर नावही असतं. मोटर ड्रायव्हर जाळायला मिळत नाही. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या की बोर्डातून तो ओळखीचा जळका वास येतो. काही हजारांचं नुकसान होतं, चार दिवस काम थांबतं, आणि तारा जोडण्याआधी मीटर लावून बघायची सवय त्या दिवसापासून जन्मभराची होते. ही सवय कुठलंही व्याख्यान लावू शकत नाही. मुलाच्या हातून बोर्ड जळला तर टीम म्हणते, ‘बोर्ड जळला.’ मुलीच्या हातून जळला तर म्हणते, ‘मुलीनं जाळला.’ मुलाची चूक त्याची एकट्याची असते. मुलीची चूक पुढच्या तीन बॅचमधल्या मुलींच्या नावावर चढते. हे तिला पुरतं ठाऊक असतं, म्हणून ती तारांना हात लावत नाही आणि ‘मला रिपोर्ट लिहायला आवडतं’ म्हणते. खोटं बोलत नसते ती. पण जिथं चुकण्याची किंमत इतकी वेगवेगळी आहे तिथं आवडीला पुरावा मानून हात झटकता येत नाहीत.

ही गोष्ट जुनी आहे. दुर्गा भागवतांची बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. मुंबई विद्यापीठात त्यांचे गुण अव्वल होते. सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी नकार दिला. त्या हटल्या नाहीत तेव्हा प्रवेश दिला, पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचं, आणि तिच्या असण्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं, मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं आणि १९३९ साली कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. ही कथा आपण नेहमी यशोगाथा म्हणून सांगतो. मला त्यातलं ते एक वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षात त्यांच्या हातून एखादा प्रयोग फसला असता तर? संशोधनात प्रयोग फसतातच. पुरुष विद्यार्थ्याचा फसलेला प्रयोग प्रयोगच राहिला असता, त्यांचा फसलेला प्रयोग बंद दाराचं समर्थन ठरला असता. त्या एका वर्षात न चुकणं ही अट कुठं लिहिलेली नव्हती, पण होती. आपल्या टीममधल्या मुली तसल्याच एका न संपणाऱ्या वर्षात असतात.

जिंकणं आणि शिकणं यात मारामारी झाली तर विद्यार्थ्यांच्या टीमनं कुठली बाजू घ्यावी? कंपनीच्या टीमला हा प्रश्न पडत नाही, तिथं पगार कामाचा असतो. पण कॉलेजची टीम कॉलेजच्या पैशावर, कॉलेजच्या जागेत, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये उभी असते, आणि ते सगळं वर्गातल्या साऱ्यांसाठी असतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात महाराष्ट्रात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. एवढं करून मुलगी वर्गापर्यंत आली आणि वर्कशॉपच्या उंबऱ्यावर थांबली, तर सार्वजनिक पैशातून आपण केलं काय? टीम जिंकली पाहिजे हे मलाही वाटतं, हरायला कुणालाच आवडत नाही. पण शिकवण्यासाठी उभी केलेली गोष्ट ज्यांना येतं त्यांच्यावरच खर्च होत असेल तर ती आपलं काम करत नाही, मग कपाटात कितीही ट्रॉफ्या असोत.

शाळांमध्ये तर बिघडण्याच्या या भीतीनं मुलगा-मुलगी दोघांनाही मारलं आहे. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ सालची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. कल्पना उत्तम. पण अशा लॅबमधला थ्री-डी प्रिंटर प्लास्टिकच्या वेष्टनात आणि सेन्सरची पेटी कुलपात पाहण्याची वेळ माझ्यावर आली आहे. ‘साहेब, पोरं खराब करतील, तपासणीला काय दाखवू?’ त्या शिक्षकाचंही चुकत नव्हतं, जबाबदारी त्याच्या सहीवर होती. कधीमधी कुलूप उघडतंच, आणि तेव्हा पुढे घुसून हात घालणारं पोर कोण असतं, हे सांगायला नको.

मुली कमी का, याची सुरुवात मात्र लॅबच्या कितीतरी आधी होते. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४, आणि तोही अभिमानानं सांगावा असा नाही. तेव्हा सहा वर्षांच्या आत असलेली ती मुलं-मुली आज दहावी-बारावीत आणि इंजिनिअरिंगच्या वर्गात आहेत. गर्भलिंगनिदानावर कायद्यानं बंदी आणणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ सालचं. देशाचा कायदा १९९४चा. तरी एवढ्या मुली गळाल्या, त्या सोनोग्राफीच्या यंत्रानं. मुलींना यंत्राची ओळख कशी करून द्यावी यावर जळगावात चर्चासत्र भरतं तेव्हा हा आकडा कुणी काढत नाही. कार्यक्रमाचा मूड जातो, हे कळतं मला.

ज्या आल्या त्यांच्यासाठी पुढची अडचण संध्याकाळची. रोबोटिक्सचं खरं काम लेक्चर्स संपल्यावर सुरू होतं आणि दहा-अकरापर्यंत चालतं. अमळनेर, धरणगाव, पाचोरा, साक्री, शिंदखेडा अशा गावांहून मुली अपडाउन करतात. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यानं प्रवास स्वस्त झाला, शेवटची गाडी उशिरा सुटायला लागली नाही. होस्टेलवर राहणारीला वेळेत परतायचं बंधन असतं. मग टीममध्ये ‘डेडिकेशन’ कशावरून मोजतात? रात्री कोण थांबलं यावरून. आणि स्पर्धा पुण्याला असली, जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं रात्रभर जायचं असलं, तर सोबत मॅडम आहेत का हा प्रश्न येतो. मॅडमना घरी लहान मूल आहे, त्या येऊ शकत नाहीत. मुलींची नावं गळतात. जाणाऱ्यांच्या यादीवर फक्त मुलं राहतात आणि रिपोर्ट लिहिणारी मुलगी स्टेशनवर डबा द्यायला येते.

इथं आईबापांना झोडपणं सोपं आहे. ‘अंडेरनी जात शे,’ असं म्हणणारी अहिराणी आजी पुराणमतवादी असेल, पण रात्री साडेदहाला बसस्टँडवर एकटी थांबलेल्या मुलीचं काय होऊ शकतं हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिची भीती खोटी नाही. प्रश्न त्या भीतीची किंमत कुणी मोजायची एवढाच आहे. आज ती मुलगी एकटी मोजते. ती आपला तास सोडते, आपली मोटर सोडते. टीमचं काम संध्याकाळी सातच्या आत बसवलं, रविवारी दिवसभर लॅब उघडी ठेवली, प्रवासाला सोबत जाणाऱ्या शिक्षिकेचा खर्च बजेटमध्ये धरला, तर तीच किंमत सगळ्यांत वाटली जाते. मुलांची कुरकुर होईल. रात्री जागण्यात एक मजा असते, पोहे आणि चहा असतो, दोस्ती होते. ती मजा थोडी कमी होईल. पण रात्री जागणं हा गुण नाही, दिवसा वेळ न आखल्याचा तो परिणाम असतो, हे कुठल्याही कारखान्यातला फोरमन सांगेल.

निव्वळ मुलींची वेगळी टीम करावी का? हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे आणि माझं मत दोन्हीकडे झुकतं. अफगाणिस्तानातल्या हेरातच्या मुलींची टीम २०१७ साली वॉशिंग्टनच्या स्पर्धेला निघाली. व्हिसा दोनदा नाकारला गेला, जगभर ओरड झाल्यावर मिळाला, आणि त्यांना धैर्याबद्दल रौप्यपदक मिळालं. धैर्याबद्दल. पुढे २०२०मध्ये त्याच मुलींनी टोयोटा कोरोलाचे सुटे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटर बनवायला घेतला, आणि वर्षभरानं तालिबान आल्यावर त्यांच्यातल्या अनेकींना देश सोडावा लागला. त्यांची टीम वेगळी नसती तर ती असतीच कुठली? आपल्याकडे तशी सक्ती नाही. पण पहिल्या वर्षाला मुलींची वेगळी टीम केली तर एक गोष्ट नक्की होते: ग्राइंडर धरायला दुसरं कुणी नसतं. बोर्ड जळला तर तो ‘बोर्ड जळला’ एवढाच राहतो. तोटा पुढे दिसतो. परीक्षक त्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणतात, ‘अरे वा, मुलींनी बनवलाय!’ आणि गिअर रेशो विचारत नाहीत. असलं कौतुक अपमानाच्या फार जवळचं असतं. दुसऱ्या वर्षापासून टीम एकत्रच असावी, आणि परीक्षकांनी प्रश्न सगळ्यांना सारखेच अवघड विचारावेत.

‘प्रत्येक टीममध्ये किमान दोन मुली’ असा नियम काही ठिकाणी लावतात. त्याला माझा विरोध नाही, पण नुसत्या नियमानं मुलगी म्हणजे अर्जातला एक रकाना होते. तो भरला की काम झालं.

खानदेशात हे सगळं बोलताना बहिणाबाईंची आठवण न येणं अवघड आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८पासून त्यांचं नाव आहे. आसोद्याची, १८८०ची ही बाई, लिहिता-वाचता न येणारी. घर, शेत आणि हाताशी असलेली अवजारं यांतून तिनं रचलं, आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्यांनी ते टिपून ठेवलं. त्या गेल्यावर १९५२ साली ते छापून आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. बाईनं घडवायचं आणि पुरुषांनी लिहून घ्यायचं, असा तो व्यवहार होता. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाच्या परिसरात आज पोरं घडवतात आणि पोरी लिहून घेतात. बहिणाबाईंना लेखणी मिळाली नाही, या मुलींना लेखणी सोडून काही मिळत नाही.

एका मुलीनं मला सरळ विचारलं होतं, ‘पण सर, मला खरंच लिहायला आवडत असेल तर?’ तर तिनं लिहावं. तिला ढकलून ग्राइंडरपाशी नेणं हेही तिच्या वतीनं ठरवणंच झालं. फक्त ते आवडतं हे सहा महिने सोल्डरिंग करून, दोन बोर्ड जाळून झाल्यावर तिनं सांगावं. आणि तोवर रिपोर्ट कॅप्टननं लिहावा. मोटर का निवडली, टॉर्कचा हिशेब काय, पहिलं डिझाइन का फसलं, हे चार पानं नीट लिहायला बसवलं की बहुतेक सराईत हातांना घाम फुटतो. धुळ्याच्या एका टीमनं गेल्या वर्षी कामं दर पंधरवड्याला फिरवून बघितली. तिथल्या कॅप्टननं लिहिलेला पहिला मसुदा मी वाचला. त्यात क्रियापदं जवळजवळ नव्हती आणि फसलेल्या डिझाइनचा उल्लेखच नव्हता. टीममधल्या दोघी मुलींनी लाल पेनानं तो परत पाठवला. त्यातल्या एकीच्या अंगठ्यावर सोल्डरिंगच्या चटक्याचा डाग होता.